न प्यायलेल्या दारूचं लिव्हर

मी दारू पीत नाही. हे वाक्य मी गेल्या वर्षात इतक्या जणांना सांगितलंय की आता ते बोलताना मलाच खोटं वाटतं. डॉक्टरांना सांगितलं, नर्सला सांगितलं, शेजारच्या बेडवरच्या माणसाला सांगितलं. बायकोला, आईला, मुलीला सांगितलं. एकानेही ऐकलं नाही. म्हणून आता लिहून काढतोय. ज्यांच्या घरी लिव्हरचा पेशंट आहे आणि तो "मी घेत नाही" म्हणतोय, त्यांनी हे वाचावं. पेशंटने वाचलं तरी हरकत नाही, पण त्याला यातलं बरंचसं माहीत असणार.

आधी मी कोण ते सांगतो. मी संतोष. बोरिवली पूर्वेला राहतो आणि गोरेगावला मालिकांचे सेट लावतो. टीव्हीवर तुम्हाला श्रीमंतांचा जो हॉल दिसतो तो प्लायवुडचा असतो, आणि त्याचा रंग नीट वाळलाय का हे बघणारा माणूस मी. घरी बायको मंजिरी, कॉलेजला जाणारी मुलगी तन्वी आणि आई. वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली म्हणून ते प्यायला लागले असं लोक म्हणतात. आई म्हणते आधीपासूनच प्यायचे, मिल बंद पडल्यावर फक्त वेळ मिळाला. ते लिव्हरनेच गेले. फुगलेलं पोट, पिवळे डोळे, सगळं मी जवळून बघितलंय, आणि त्यानंतर त्या वस्तूला मी कधी तोंड लावलं नाही. पॅकअपच्या पार्टीत सोडा घेऊन कोपऱ्यात बसणारा माणूस मी. युनिटमधली पोरं मला महाराज म्हणायची.

सुरुवात

आधी नुसता थकवा. मग खाज, तीही तळपायांना. मग हात थरथरायला लागले. सेटवर दाराच्या चौकटीला सोनेरी रेघ मारायची होती, ती मला सरळ जमेना. दुपारी बसल्याजागी डोळा लागायचा. बोलताना शब्द सापडायचा नाही, जीभ जड व्हायची. तोंडाला वास यायला लागला, गोडसर आणि कुजका. मला तो येत नव्हता, बाकी सगळ्यांना येत होता. लिव्हर बिघडलं की असा वास येतो हे मला फार उशिरा कळलं.

एकदा मेकअपवाल्या पोराने माझ्याकडे बघून म्हटलं, "दादा, डोळे बघा आरशात." त्या मोठ्या दिव्यांच्या आरशात बघितलं तर डोळे हळदीसारखे.

आता तुम्हीच सांगा. डोळे पिवळे, हात कापतायत, तोल जातोय, बोलणं अडखळतंय, तोंडाला वास. वर बाप दारूने गेलेला. माझं शरीर घरच्यांसमोर माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

राउंड

ॲडमिट झालो. हॉस्पिटलचं नाव कशाला घ्या. डॉक्टरांनी विचारलं, घेता का? म्हटलं नाही. कधीतरी? म्हटलं कधीच नाही. त्यांनी मान हलवली आणि मला वजन करायला पाठवलं. मंजिरी तिथेच थांबली. मला वाटलं, बरं झालं, ती सगळं नीट सांगेल.

दुसऱ्या सकाळी राउंडला डॉक्टर आले, मागे शिकाऊ पोरापोरींची रांग. ते इंग्रजीत बोलत होते. मी सेट लावतो म्हणजे मला इंग्रजी कळत नाही असं त्यांना वाटलं असेल. ते म्हणाले, दारूमुळे लिव्हर गेलेलं आहे, पेशंट नाही म्हणतो, पण बायकोने सांगितलंय. एका पोरीने माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली.

बायकोने सांगितलंय. मला वाटलं माझं ऐकण्यात चुकलं. बाकीचे पुढच्या बेडकडे गेले आणि मी छताकडे बघत पडलो. काविळीपेक्षा ते वाईट होतं.

मंजिरी डबा घेऊन आली तेव्हा तिला सरळ विचारलं, "तू काय सांगितलंस त्यांना?"

तिने डबा ठेवला. "जे आहे ते. लपवलं तर औषध चुकेल, संतोष."

"काय आहे? मी पितो?"

"स्कूटरच्या डिकीत मी बाटली बघितली होती. दिवाळीनंतर. रेनकोट काढून ठेवायला गेले तेव्हा. दुसऱ्या दिवशी ती नव्हती."

मला हसावं की रडावं कळेना.

ती बाटली

ती बाटली आमच्या राखणदाराची होती. कोकणातल्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगतो. गावची, शेताची, घरादाराची राखण करणारा जो देव असतो त्याला आम्ही वर्षातून एकदा मान देतो. कोंबडा आणि दारू. घरातला कर्ता पुरुष दगडासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो, पोराबाळांना सांभाळ म्हणतो आणि दारू ओततो. आमच्याकडे हे काम काका करायचे. यंदा ते म्हणाले, माझ्याच्याने आता दगडापर्यंतची घाटी चढवत नाही, तू थोरल्याचा मुलगा, तू ये, आणि येताना मुंबईहूनच बाटली घेऊन ये.

ती बाटली घरात आणायची नाही हा आमचा नियम. आणि वडिलांच्या नंतर आमच्या घरात बाटली हा शब्दही कोणी काढत नाही, आईसाठी. म्हणून ती डिकीत. पहाटे गावाला गेलो, दगडावर ओतली, उरलेली काका आणि शेजारी प्यायले, मी प्रसादाचा रस्सा खाऊन परत आलो. मंजिरी घाटकोपरची. तिच्या माहेरी गाव म्हणजे शाळेच्या सुट्टीतली गंमत. तिला राखण म्हणजे नारळ फोडतात एवढंच माहीत होतं, कारण बायका तिथे येत नाहीत.

आईला राखणीचं सगळं माहीत होतं. आईला नुसतं विचारलं असतं तरी विषय मिटला असता. पण मंजिरीने आईला विचारलं नाही, कारण आईला धक्का बसेल. आणि आईने मला विचारलं नाही, कारण तिला विचारायची गरजच वाटली नाही. मी हे सगळं मंजिरीला हॉस्पिटलमध्ये सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. आता जेव." शाळेत जायच्या वेळी तन्वीचं पोट खोटंच दुखायचं, तेव्हा मंजिरी असंच बरं म्हणायची.

वॉर्डातली माणसं

शेजारच्या बेडवर मालाडचा एक रिक्षावाला होता, मोहन. तो खरा पिणारा. त्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की बाबा, मी घेत नाही. तो खूश झाला. म्हणाला, "एकदम बरोबर. शेवटपर्यंत नायच म्हणायचं. डॉक्टर काय घरी येऊन बघतोय? आपण तर पहिल्यांदाच हो बोलून फसलो, वाट लागली." पुढे तो माझी नक्कल करायला लागला. नर्स आली की मला डोळा मारून म्हणायचा, सिस्टर, मी पण कधीच घेत नाय.

ह्या सगळ्यात एकच माणूस बरा भेटला. वॉर्डातल्या मावशी. खाजेने मी तळपाय लोखंडी पलंगाला घासत बसायचो. त्या थंड पाण्यात फडका पिळून आणायच्या आणि पायांना गुंडाळून द्यायच्या. मी त्यांनाही सांगायला लागलो, मावशी, मी पीत नाही. त्या म्हणाल्या, "प्या नाहीतर नका पिऊ. खाज ती खाजच ना." त्यांचाही विश्वास नव्हता, पण त्यांना त्याची गरज नव्हती. त्या फडक्याचा थंडावा मला अजून आठवतो.

डिस्चार्ज देताना व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाला पाठवलं. गोल करून खुर्च्या मांडलेल्या, एकेकाने आपली कहाणी सांगायची. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, माझी कहाणी नाही. समुपदेशक हसले आणि म्हणाले, हीच पहिली पायरी असते, नाकारणं. मंजिरी माझ्या शेजारी बसून त्यांना प्रश्न विचारत होती. सुटायला किती वेळ लागतो, परत लागते का, घरच्यांनी काय करायचं. इतक्या आशेने विचारत होती की माझं डोकं फिरलं. आयला, मी म्हटलं, हिला झालंय तरी काय.

घर

घरी आलो आणि पहाऱ्यात राहिलो. आई दाराजवळच्या खुर्चीत बसायची. मी खाली दूध आणायला निघालो की विचारायची, "खय चललंस?" कामावर जाणं बंदच होतं. मंजिरी रोज आतल्या खोलीत देवासमोर हात जोडून बसायची, मला वाटायचं माझी सुटू दे म्हणतेय. एकदा मी चिडून आईला म्हटलं, आई, बाटली राखणीची होती, तुला तर माहीत आहे. ती माझ्याकडे बघतही नव्हती. म्हणाली, "तुझो बापूस पण असोच सांगी. देवाची म्हणी."

वडील खरंच तसं म्हणायचे.

आणि तन्वी. माझ्या पाण्याची स्टीलची बाटली असते, सेटवर न्यायची. मी बाथरूममधून बाहेर आलो तर तन्वी झाकण उघडून बाटलीचा वास घेत होती. मला बघून तिने झाकण लावलं आणि म्हणाली, "धुवायला घेत होते." आजारपणात मला दोन वेळा रडू आलं. त्यातली ही एक वेळ.

मी पीत नव्हतो, पहारा कडक होता, तरी रिपोर्ट वाईट होत चालले होते. दर वेळी आकडे वाढले की घरातली कपाटं नव्याने आवरली जायची. माझं लिव्हर मरत होतं आणि माझी माणसं माळ्यावर बाटल्या शोधत होती. पोटात पाणी झालं. मग एका सकाळी मला तन्वीचं नाव आठवेना. मी तिला "ए, अगं" करत राहिलो. मंजिरीने रिक्षा बोलावली, आणि यावेळी तिने दुसरं हॉस्पिटल निवडलं. का निवडलं हे तिने तेव्हा सांगितलं नाही.

तळव्याला तळवा

इथे डॉक्टरबाई होत्या, पन्नाशीच्या, आवाज जरा करडा. त्यांनीही विचारलं, दारू? मी थकलो होतो. म्हटलं, नाही, पण तुमचा विश्वास बसणार नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या विश्वासाचं सोडा. रक्त तपासू, लिव्हरचा तुकडा काढून बघू. तो सांगेल." कितीतरी महिन्यांनी कोणीतरी बायकोकडे न बघता माझ्याशी बोललं.

लिव्हरमध्ये सुई घालतात तेव्हा खांद्यात दुखतं, हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. बाकी घाबरण्यासारखं काही नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी मंजिरी आणि मी समोर बसलो होतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ह्यात दारूचा संबंध नाही. ह्याला ऑटोइम्यून हेपटायटिस म्हणतात. तुमच्याच प्रतिकार करणाऱ्या पेशी तुमच्या लिव्हरवर उलटल्यात." आमचे चेहरे बघून त्यांनी मला हात पुढे करायला सांगितला.

त्यांनी त्यांचा तळवा माझ्या तळव्याला लावला. "तुमचा हात म्हणजे लिव्हरची पेशी. माझा हात म्हणजे तुमचीच पेशी, पहाऱ्यावरची. तिचं काम फिरत राहायचं. भेटेल त्या पेशीला असा हात लावून चाचपायचं. आपला आहे, सोडा, पुढे." त्यांनी हात लावला, काढला, लावला, काढला. "पण हा परका, असं तिला वाटलं तर ती सोडत नाही." आणि त्यांनी तळवा गच्च दाबून धरला. "अशी चिकटते. चिकटलेल्या जागेच्या कडा बंद करते, म्हणजे मधलं बाहेर सांडायला नको. मग आपल्या पोटातलं विष त्या बाजूला आणते आणि त्या बंद जागेत सोडते. जिला धरलंय तिच्यातच जातं, शेजारणीला लागत नाही. ती मेली की हात सोडायचा आणि पुढचीला धरायचं."

"हे चांगलं की वाईट?" मी विचारलं.

"विषाणू शिरलेल्या पेशीला असं मारतात म्हणून तर आपण जगतो. तुमच्या इथे धडधाकट पेशींना धरतायत. ओळख कुठेतरी चुकली. का चुकली, ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही."

लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की ह्या दोन पेशी गळ्यात गळे घालून बसल्यात. मारायला इतकं जवळ यावं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

मी विचारलं, ती एकटीच ठरवते का सगळं? त्या म्हणाल्या, नाही. ह्या पेशीला आधी दुसरी एक पेशी माहिती देते, तीही अशीच चिकटून. आणि हा परका, एवढं सांगून भागत नाही. सोबत धोका आहे अशी दुसरी खूण द्यावी लागते. दोन्ही खुणा जुळल्या की मग ती पेशी कामाला लागते, आणि तिच्यासारख्या आणखी तयार होतात.

डिकीतली बाटली ही एक खूण. तोंडाचा वास ही दुसरी. मग मंजिरी, मग डॉक्टर, मग आई, मग तन्वी. मी हे डॉक्टरबाईंना बोललो नाही, पण मला इतकं स्वच्छ दिसलं की मी तिथेच हसलो. आजाराचं नाव ऐकून खूश झालेला पेशंट त्यांनी पहिल्यांदाच बघितला असेल. मी सुटलो होतो. मी मंजिरीकडे बघितलं. वाटलं, आता ती रडेल, हात धरेल, गेला बाजार सॉरी तरी म्हणेल.

ती पांढरीफटक पडली होती. तिने डॉक्टरबाईंना विचारलं, "म्हणजे हे सुटत नाही?"

"ताब्यात राहतं," त्या म्हणाल्या. "गोळ्या बहुतेक जन्मभर."

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. दुसऱ्यांदा रडू आलं ते त्या दिवशी, रिक्षात. ती दुसऱ्या बाजूला बघत बसली होती.

गोळ्या

स्टेरॉइडच्या गोळ्या त्या पहारेकऱ्यांना गुंगी आणतात. तोंड भोपळ्यासारखं सुजतं, भूक राक्षसासारखी लागते आणि राग नाकावर. मी आधीच चिडका, त्यात हे. चहात साखर कमी म्हणून मी कप आपटला होता. ज्यांच्या घरी ह्या गोळ्या चालू आहेत त्यांनी समजून घ्या, अर्धं औषध बोलतं. आणि पेशंटनी बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, तुमच्या हातापाया पडून सांगतोय असं समजा. हळूहळू खाज गेली, पोटातलं पाणी उतरलं, शब्द परत आले. सोनेरी रेघही आता बऱ्यापैकी सरळ येते.

तन्वीने माफी मागितली, तिच्या पद्धतीने. मोबाइलवरून डोळे न काढता म्हणाली, "बाबा, मी मूर्ख होते ना?" म्हटलं, थोडी. तिच्यावर माझा राग नाही.

आईला मी समजावून सांगितलं, तळव्याला तळवा लावून, तसंच. तिने माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, "तुझ्या बापाशीक पण ह्याच झालेला असात काय रे?"

म्हटलं, आई, ते प्यायचे ना.

"पियत होतो," ती म्हणाली. "पण माका आता काय ठावक, कशान गेलो तो." आणि ती पेज ढवळायला उठली. तिला मी माफ केलं म्हणा किंवा विषय सोडला म्हणा.

मंजिरी

मंजिरीला मात्र मी माफ करू शकत नव्हतो. ती सगळं करत होती, गोळ्या, पथ्य, हॉस्पिटलच्या फेऱ्या, नोकरी. पण सॉरी म्हणाली नाही. मी तिच्याशी कामापुरतं बोलायचो. आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहत होतो.

मध्यंतरी रिपोर्ट पहिल्यांदा चांगला आला. रविवारची दुपार होती, ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि विचारलं, "बाटली बघितलीस तेव्हाच मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"कारण मी पीत नव्हतो."

"हो. आता माहितीये."

"आता? हॉस्पिटलमध्ये सगळं सांगितलं होतं तुला. राखण, काका, सगळं. तेव्हाही विश्वास नाही बसला?"

ती देठ तोडत राहिली. मग म्हणाली, "बसला होता."

मला कळलंच नाही. "मग?"

"त्या पहिल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं होतं. म्हणाले, दारूने झालं असेल तर नशीबवान आहात. सोडली की लिव्हर सावरतं, माणूस उभा राहतो. दारूने नसेल तर मग मला काही सांगता येणार नाही." तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "तू राखणीचं सांगितलंस तेव्हा मला पटलं रे. पण मला ते पटून घ्यायचं नव्हतं. दारू असती तर मी सोडवली असती तुझी. भांडून, कोंडून, पाया पडून, कशीही. हे दुसरं काय आहे आणि त्याच्याशी कोणाच्या घरी जाऊन भांडू?"

"आणि माझे ते महिने गेले?"

"गेले. ते मला कळत नाही का? आकडे वाढत गेले तेव्हा मला कळलं, म्हणून तर दुसरीकडे नेलं तुला."

माझा राग गेलेला नाही. तो जाईल असंही वाटत नाही, आणि मी इथे मोठेपणा दाखवून खोटं लिहिणार नाही. तिच्यामुळे उशीर झाला, आणि त्या उशिरात माझं लिव्हर जेवढं गेलं तेवढं गेलं, ते परत येणार नाही.

पण मी ते सगळे महिने घरभर ओरडत होतो की मी पीत नाही. आणि आतल्या खोलीत ती देवासमोर हात जोडून रोज हेच मागत होती, की मी पीत असू दे.